दे आणि दाय

आमच्या कामात एक हाणणारा लागतो आणि एक ऐकणारा. हाणायला माझ्या बहिणीचा नवरा गर्शोन होता आणि ऐकायला मी. घरातही वाटप तेच होतं. तो हाणायचा आणि मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं.

मी डिना. मुंबईतल्या ज्यू घरात जन्मले आणि आईच्या कडेवर बसून मृत समुद्राजवळच्या डिमोना शहरात आले. माझी धाकटी बहीण ओरीत इथलीच. तिला मराठी सगळी कळते, पण ती बोलत नाही. आई मराठीत विचारते आणि ही हिब्रूत उत्तर देते. गर्शोन मात्र कोकणातल्या गावातून मुंबई करून चांगलं मिसरूड फुटल्यावर इथे आला. त्याचं हिब्रू कारखान्यात शिकलेलं, मोडकंतोडकं. शिव्या मराठीतच.

काम समजायला सोपं आहे. मृत समुद्र दरवर्षी मागे हटतोय. तो हटला की काठच्या जमिनीखाली गोडं पाणी शिरतं, तिथले मिठाचे थर विरघळवून टाकतं, आणि वरून ठणठणीत दिसणारी जमीन आतून पोकळ होते. मग एखाद्या दिवशी खजुराची झाडं खाली जातात, नाहीतर रस्ता. अशा खड्ड्याला हिब्रूत 'बोर' म्हणतात. आई म्हणते, बोरं आमच्या गावाला झाडावर लागायची, इथली बोरं माणसांना गिळतात. रस्ता वाचावा म्हणून डांबराखाली, खडीच्या थरात, जाड प्लास्टिकची जाळी घालतात. जमीन खचलीच तर जाळीनं झोळीसारखं तोलून धरावं, गाडीला एकदम आत जाऊ देऊ नये. ती जाळी आणि तिच्याखालची जमीन धड आहे का, हे दरवेळी खणून बघता येत नाही. म्हणून रस्त्याच्या कडेनं आम्ही एका रांगेत खिळे रोवतो. त्यांना आम्ही कान म्हणतो. मग लोखंडी पाट जमिनीवर ठेवून त्यावर घणाचा टोला हाणायचा. हादरा जमिनीतून धावतो, एकेका कानाला लागतो आणि जीपच्या मागच्या भागात बसलेल्या माझ्यासमोर पडद्यावर रेघा उमटतात. घट्ट जमिनीतून हादरा झपाट्यानं पोचतो. सैल जमिनीत रेंगाळतो. आणि मध्ये पोकळी असली तर पलीकडचे कान मुके होतात. दर काही महिन्यांनी त्याच जागी जायचं, तसंच हाणायचं आणि मागच्या वेळच्या रेघांशी ताडून बघायचं.

गर्शोनला या कामावर आईनंच चिकटवला. फोरमनचे दात पाडले म्हणून कारखान्यानं त्याला हाकलला होता, आणि घरात बसून तो ओरीतवर सगळा राग काढत होता. आई माझ्याकडे आली.

"घे गो बाय त्याला तुझ्या कामावर. दिसभर लोखंडावर हाणील, तर घरी हात उचलायला जोर ऱ्हायचा नाय."

"आई, जनावर आहे ते."

"जनावर असला तरी जावय हाय. मिस्टेक झाली आपली, आता काय करशील?"

मी घेतला त्याला. आईचं गणित साफ चुकलं. लोखंडावर हाणून हाणून त्याचा हात आणखी कसला.

पहिल्या दिवशी मी त्याला हिब्रूत सांगितलं की मी 'माका' म्हटलं की टोला मारायचा. माका म्हणजे तडाखा. तो दात काढून हसला. "मका? कणसं भाजायचीत काय, ताई?" मग त्यानंच ठरवलं, टोल्याला 'दे' म्हणायचं. गावात भांडणं लागली की पोरं ओरडायची म्हणे, दे, अजून दे! थांबायला मात्र हिब्रूतला 'दाय' राहिला, कारण आमचा साहेब त्स्वी तोच म्हणायचा. दाय म्हणजे पुरे. त्स्वी पेताह तिक्वा शहरातला, मराठीचा त्याला गंधही नाही. पण तो म्हणाला होता, "हे दोन शब्द माझ्या कानाला एकच वाटतात. एखादा बदला." त्यावर गर्शोन मोडक्या हिब्रूत म्हणाला, "मी काय बहिरा आहे?"

बहिरा नव्हता. पण 'दाय' हा शब्द त्याला घरी कधी ऐकू आला नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली त्याचं स्वयंपाकघर. खुर्ची पडल्याचा आवाज यायचा, मग भांडी, मग ओरीत. "दाय, गर्शोन, दाय!" आणि तिच्यामागून माझी भाची लिरोन, "अब्बा, दाय!" त्यानंतर जो धप्प आवाज यायचा तो मी कुठेही ओळखेन. सगळी इमारत ऐकायची. दुसऱ्या दिवशी ओरीत काळा चष्मा लावून बाजारात जायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, कपाटाचं दार लागलं. त्या कपाटाला इतकी दारं कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. मी पोलिसांना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा ओरीतनं दारातूनच त्यांना परत पाठवलं. कपाटाचं दार, म्हणाली.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. पोळ्या करत होते, खालून लिरोनची किंकाळी आली, तशी तवा घेऊन मी जिना उतरले. दार उघडंच होतं. ओरीत फ्रीजला पाठ लावून खाली बसली होती, तिचे केस त्याच्या मुठीत होते आणि तिच्या नाकातून रक्त हनुवटीवर आलं होतं. तापलेला तवा सरळ त्याच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, कातडी चरचरली, तो गुडघ्यांवर आला. मग मी बोलले, आणि सगळा जिना गोळा होईल अशी बोलले. "परत हिला हात लावलास तर जिवंत गाडीन तुला! ऐकलंस? जमिनीत गाडीन!" तोवर मी त्याला अहो-जाहो करत होते. त्या दिवसापासून अरे-तुरे.

ओरीतनं काय केलं? फडकं ओलं करून त्याच्या कपाळाला लावलं. मला हिब्रूत म्हणाली, "तू जा." मला तिचाही राग आला. इतका आला की तोच तवा तिलाही मारावासा वाटला.

ज्या दिवशी रस्ता खचला त्या सकाळी गर्शोन जीपमध्ये चढला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांवर सोललेली होती. घणाच्या दांड्यानं तळहाताला फोड येतात, सांधे सोलले जात नाहीत. त्यानं माझी नजर बघितली आणि हात खिशात घातला. आदल्या दिवशी मी किर्यात गातला मैत्रिणीकडे गेले होते, म्हणून मला काही ऐकू आलं नव्हतं.

रस्त्यावर आम्ही नेहमीसारखं काम मांडलं. त्स्वी लांब वळणावर लाल झेंडा घेऊन गाड्या अडवायला उभा राहिला. मी जीपच्या मागे पडद्यापाशी बसले. गर्शोन घण घेऊन पाटापाशी. वारा समुद्राकडून येत होता, खारट आणि गरम, आणि कानात नुसता घोंगावत होता. वाऱ्याचा गोंगाट रेघांमध्ये मिसळतो, म्हणून एकाच जागी बरेच टोले मारून ते एकमेकांवर चढवावे लागतात.

"दे!" मी ओरडले. टोला पडला. "दे!" पुन्हा पडला.

खोटं कशाला बोलू, प्रत्येक 'दे' मी त्याच्या तोंडावर थुंकावं तसा म्हणत होते. तो वाकून, माझ्याकडे न बघता, माझ्यावरचा राग पाटावर काढत होता. पाट एका जागेवरून दुसरीकडे, तिथून पुढे, असं दुपारपर्यंत चाललं. मग रस्त्याच्या बांधापाशी एका नव्या जागी त्यानं पाट ठेवला, मी 'दे' म्हटलं, आणि आवाज बदलला. एरवी पाट खणखणीत वाजतो. या वेळी तो ढोलाच्या तोंडासारखा वाजला. पडद्यावर जवळचे दोन कान थरथरले आणि पुढचे सगळे मेल्यासारखे सरळ राहिले. मागच्या खेपेला याच जागेवर ते जिवंत होते.

मला कळायला क्षणही लागला नाही. तो पोकळीच्या टकलावर उभा होता.

मी उठले. डोकं जीपच्या टपावर आपटलं. मी बाहेर उडी मारली आणि छाती फुटेल अशी ओरडले, "दाय! गर्शोन, दाय! दाय!"

त्यानं घण उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा. त्याचे ओठ हसल्यासारखे मागे गेले आणि त्यानं होती नव्हती ती ताकद लावून घण खाली आणला. मी धावत ओरडत होते, "दाय! दाय!" आणि तो देत होता. एक, त्यावर दुसरा, त्यावर आणखी एक. शेवटच्या टोल्याला पाटच खाली गेला. मग त्याच्याभोवतीचं डांबर भाकरीसारखं तडकलं आणि रस्त्याची कड त्याच्यासकट आत गेली.

धूळ खाली बसायला वेळ लागला. कडेपर्यंत मी पोटावर सरपटत गेले. खाली अंधार होता आणि ओल्या मिठाचा, कुजक्या चिखलाचा वास होता. घण खूप खोल कुठेतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. गर्शोन मात्र पडला नव्हता. खडीतली काळी जाळी फुगून खाली लोंबली होती आणि तो तिच्यात माशासारखा अडकला होता. त्याच्या दोन्ही पायांवर डांबराचा लादीएवढा तुकडा पडला होता आणि एका पायाचं हाड विजारीतून बाहेर आलं होतं. तो गुरासारखा ओरडत होता.

जाळीनं आपलं काम केलं होतं. मला जाळीचा राग आला. मनात आलं, तूट ना गं बाई, तुला तुटायला काय होतं! हे मी कुणापासून लपवत नाही. पण मनात येणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं. त्स्वीनं जीपला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या कमरेला, आणि मी आत उतरले. कड सारखी सुटत होती. खडी माझ्या पाठीवर, डोक्यावर पडत होती. मी त्याच्या काखेतून दुसरा दोर घालायला गेले तर त्यानं माझं मनगट धरलं. असं धरलं की बोटं आत रुतली.

"मारलंस मला, सटवे," तो म्हणाला. "दे म्हणालीस. मेलेला पाहिजे व्हतो तुला."

"दाय म्हटलं मी! दाय!"

"दे म्हणालीस!"

त्याला वर ओढला तेव्हा डांबराच्या तुकड्याखालून पाय सुटताना तो जे किंचाळला, ते अजून माझ्या कानात आहे. आम्ही रस्त्यावर आलो आणि आमच्या मागे जाळीचा तो भाग खडीसकट खाली लोंबत राहिला. माझ्या मनगटावर त्याची चार बोटं निळी उमटली होती. ओरीतच्या दंडावर मी तशीच बोटं पूर्वी पाहिली होती.

बेर शेव्याच्या इस्पितळात शुद्धीवर आल्याबरोबर गर्शोननं पोलिसांना सांगितलं की मेव्हणीनं मला जाणूनबुजून मारायचा प्रयत्न केला. पोकळी तिला पडद्यावर दिसली होती, तरी तिनं टोल्याची आज्ञा दिली. मला कामावरून थांबवलं. त्स्वीला विचारलं, तर तो बिचारा खरं तेच बोलला. ती ओरडत होती हे ऐकलं, पण दे की दाय, ते मला वाऱ्यात कळलं नाही, आणि वारा नसता तरी कळलं नसतं. शेजाऱ्यांना विचारलं, तर तव्याची गोष्ट निघाली आणि 'जमिनीत गाडीन' हे माझं वाक्य निघालं. आपल्याकडे हे वाक्य आई पोराला दिवसातून दहादा म्हणते. हिब्रूत त्याचा कागदावर उतरवलेला अर्थ एकच झाला. ज्या बाईनं माणसाला जमिनीत गाडायची धमकी दिली होती, तिच्याच शब्दावर तो जमिनीत गेला होता. वकील म्हणाला, तुरुंगाची तयारी ठेव.

मला वाचवू शकेल असं एकच माणूस होतं. 'दाय' म्हटल्यावर गर्शोन काय करतो, हे ओरीतइतकं कुणाला माहीत होतं? पण त्यासाठी तिला कपाटाच्या दाराची गोष्ट सोडावी लागली असती. मी तिला सांगायला गेले नाही. तिनं स्वतःसाठी बोलावं म्हणून मी तिच्यापुढे घसा फाडला होता, आता माझ्यासाठी बोल, असं कुठल्या तोंडानं म्हणू? जिन्यात भेटली की ती खाली बघायची. तिचा ओठ शिवलेला होता. सोललेल्या सांध्यांचा हिशोब मला लागला.

आईनं तर कमाल केली. जावई वाचावा म्हणून तिनं आमच्या एलियाहू हन्नाबीला, त्या संदेष्ट्याला, नवसाचा मलिदा बोलला होता. गूळखोबऱ्यात पोहे कालवले, वर फळं रचली, प्रार्थना झाली, आणि जावयाचा वाटा स्टीलच्या ताटात घालून ती बेर शेव्याला निघाली. मला म्हणाली, "तू पन चल. त्याच्या पाया पड, म्हन माझी मिस्टेक झाली. घरातला झगडा घरात ऱ्हाव दे."

"पाया कशाच्या पडू? त्याचे पाय तर मोडलेत," मी म्हणाले. पण गेले. त्या दिवशी तपास करणारी पोलीसबाई मोरिया तिथे येणार होती आणि तिनं आम्हा सगळ्यांनाच बोलावलं होतं.

गर्शोन पलंगावर, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, पण छाती आणि हात तसेच बैलासारखे. आईनं मलिद्याचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. ओरीत खिडकीपाशी उभी राहिली. मोरियानं दोन्ही शब्द त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले.

"तिनं दे म्हटलं," तो म्हणाला. "मी दोन्ही भाषा जाणतो. मी बहिरा नाही. दाय म्हटलं असतं तर थांबलो असतो. दाय म्हटल्यावर कोण थांबत नाही?"

मोरिया ओरीतकडे वळली. "तुम्ही त्याच्या पत्नी आहात आणि दोन्ही भाषा तुम्हाला कळतात. तुम्ही सांगा. दाय म्हटलेलं त्याला दे ऐकू येईल का?"

आईनं ओरीतच्या कोपराला चिमटा काढला, मला दिसला तो. गर्शोन मराठीत म्हणाला, "सांग तिला, ओरीत. नीट सांग."

मला वाटलं, संपलं. आता कपाटाचं दार.

ओरीतनं शिवलेल्या ओठावरून जीभ फिरवली. आणि ती मराठीत बोलली. हिब्रूत वाढलेली, आईला आयुष्यभर हिब्रूत उत्तर देणारी माझी बहीण पहिल्यांदा सबंध मराठी बोलली, अडखळत, लहान पोरासारखी.

"मी दाय म्हणते," ती म्हणाली. "हा देतो."

मोरियानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली?"

मला हिब्रूत सांगायला पुष्कळ शब्द लागले. ती पुरे म्हणते तेव्हा हा देतो, आणि देणं म्हणजे आमच्याकडे मारणंही होतं. सांगताना मी रडत होते. वाक्य पुरं व्हायच्या आत ताट उडालं. गर्शोननं ते पूर्ण ताकदीनं भिरकावलं होतं. गूळखोबरं भिंतभर झालं, केळी जमिनीवर पडली आणि ताटाची कड ओरीतच्या कपाळावर बसली. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यावर उतरलं. आईनं किंकाळी फोडली. "अगो बाय, मलिदा!" ती म्हणाली, आणि मग ओरीतचं तोंड बघून खालीच बसली. मोरियानं दार उघडून पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली आणि तो येऊन पलंगाच्या आणि ओरीतच्या मधे उभा राहिला.

मी फडकं घेऊन पुढे झाले. ओरीतनं माझा हात बाजूला केला. रक्त तिनं पुसलं नाही. मोरियासमोर खुर्ची ओढून बसली आणि हिब्रूत सांगू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ती दाय म्हणाली तेव्हा त्यानं काय केलं. लिरोन पोटात असताना दाय म्हणाली तेव्हा काय केलं. फ्रीजपाशी, न्हाणीत, लिरोननं मधे हात घातला तेव्हा. रस्ता खचायच्या आदल्या दिवशी, ओठ फाटला तेव्हा. आवाज चढला नाही की थांबला नाही. मोरिया लिहीत होती.

गर्शोननं पायांच्या प्लास्टरवर मूठ आपटली. मग दोन्ही हात कानांवर ठेवले.

"दाय," तो ओरडला. "दाय, ओरीत! दाय!"

ओरीतनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पुढचं सांगत राहिली.